लगामाचा हात

जयसिंग जीप घेऊन न्हावऱ्याच्या वेशीत शिरला की शेखलालला ती दिसायच्या आधी ऐकू यायची, आणि ऐकू आली की त्याचं डोकं उठायचं. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना जयसिंग अशी काही करकर करायचा की ओट्यावर बसलेल्या शेखलालचे दात आंबायचे. "क्लच पुरता दाब की लेका," तो तिथूनच पुटपुटायचा आणि त्याचा डावा पाय आपोआप खाली जायचा. म्हणजे जायचा असं त्याला वाटायचं. गुडघ्याखाली वीतभर सोडला तर तो पाय आता नव्हताच.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षीचा हा उन्हाळा. आदल्या श्रावणात दौंडच्या वाटेवर टायर बदलताना जॅकखालचा दगड सरकला आणि गाडीचा सगळा भार शेखलालच्या पावलावर आला. जखम चिघळली, पुण्याच्या डॉक्टरांनी पाय काढला, आणि लाकडाचा एक पाय पट्ट्यांनी बांधून त्याला घरी धाडून दिलं. तेव्हापासून तो ओट्यावर होता, आणि त्याच्या जागी जीपवर जयसिंग. ओट्यावर बसवत नाही म्हणून उठायचा, उठून चालवत नाही म्हणून बसायचा. त्याच्या या उठबशीनं त्याची बायको रजिया इतकी कावली होती की एकदा म्हणाली, "तुमच्यापरीस घरात वासरू बांदलं असतं तर गप बसलं असतं."

शेखलाल मूळचा टांगेवाला. बापाचा टांगा त्यानं शिरूर ते न्हावरे वीस वर्षं हाकला. मग एसटी आली, आणि टांग्यात बसून शिरूरला जायला कोणाला वेळ उरला नाही. त्याच सुमारास गावचे मोठे बागायतदार मारुतराव लढाईनंतर लिलावात निघालेली एक अमेरिकी जीप कुठूनशी घेऊन आले. स्टिअरिंग डाव्या अंगाला. गावात ती चालवणारा कोणी नव्हता. शेखलाल पुढं होऊन म्हणाला, "आप्पा, मी हाकतो." लोक हसले. पण पंधरा दिवसांत तो ती खरोखरच हाकायला लागला, आणि पुढं सात वर्षं मारुतरावांची भेंडी-गवार दौंड स्टेशनावर मुंबईच्या गाडीला एकदाही चुकली नाही. या गोष्टीचा शेखलालला एवढा अभिमान होता, की जणू ती भेंडी त्यानंच पिकवली होती.

मारुतराव माणूस वाईट नव्हता. दवाखान्यात त्यांनी चार खेपा घातल्या होत्या. पण खेपा घालणं वेगळं आणि माल बुडवणं वेगळं. चैत्रात त्यांनी ओट्यावर येऊन स्वच्छ सांगितलं.

"दौंडला दर महिन्याच्या शेवटाला गाड्यांचा साहेब येतो. ह्या महिन्याचं ऱ्हाऊ दे, पुढच्या महिन्यात त्यानं तुझा पाय बघून परवान्यावर सही केली तर गाडी तुझी. न्हाई केली, तर पावसाळ्यापास्नं जयसिंग कायमचा. मला बी धंदा हाय, शेखलाल."

"व्हय आप्पा," शेखलाल म्हणाला. आणि मारुतरावांची पाठ वळताच तो लाकडी पाय आपटत अंगणभर फिरायला लागला.

आधी त्यानं लाकडी पायानंच क्लच दाबून बघितला. दाबला जायचा, नाही असं नाही. पण क्लच नुसता दाबून भागत नाही, तो सोडावा लागतो, आणि कुठवर सोडला हे तळपायाला कळावं लागतं. लाकडाला काय कळणार? जीप बेडकासारखी उड्या मारायची आणि बंद पडायची. तिसऱ्या दिवशी जयसिंग अदबीनं म्हणाला, "मामा, इंजनाचं फाउंडेशन तुटंल," आणि शेखलाल खाली उतरला. जयसिंगचं बोलणं खरं होतं, म्हणून तर त्याला जास्त राग आला.

रजियाच म्हणाली, "बद्रूला बोलवा."

बद्रुद्दीन हा रजियाचा धाकटा भाऊ. दौंडच्या रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. बोलणं कमी, काम चोख, आणि सरळपणा इतका की मेहुण्याच्या कामासाठीसुद्धा रेल्वेचा साधा खिळा त्यानं खिशात घातला नाही. भंगारवाल्याकडून जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक तुकडा विकत घेतला, तो तापवून सरळ केला, आणि एका रविवारी पिशवीत घालून एसटीनं न्हावऱ्याला आला. दिवसभर तो जीपखाली पडून होता. संध्याकाळी शेखलालच्या डाव्या हाताशी, बसायच्या जागेच्या बाहेरच्या अंगाला, एक दांडा उभा राहिला. दांड्याच्या खालच्या टोकाला सळई, आणि सळई क्लचच्या पायडलला. दांडा मागं ओढला की पायडल खाली, सोडला की वर.

"उजव्या हातानं गिअर, डाव्या हातानं दांडा," बद्रुद्दीन म्हणाला. "घटकाभर स्टिअरिंगला डावा गुडगा लावायचा. गुडगा तर हाय न्हवं, दाजी?"

"गुडगा हाय," शेखलाल म्हणाला. आठ महिन्यांत आपल्याकडं काय आहे असं त्याला पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.

शेवटी बद्रुद्दीननं सळईच्या जोडातल्या पिनीचे दोन्ही पाय ठोकून वाकवले, आणि एका डबीतून पांढरा रंग काढून पीन आणि जोड यांवरून एक बारीक रेघ ओढली. "शेडमध्ये आमी असंच करतो," तो म्हणाला. "पीन केसभर जरी हलली तरी रंग फुटतो. काम कुनी केलं आन् कसं केलं, मग कुनाला इचारावं लागत न्हाई."

दांडा हातात आला आणि शेखलाल पुन्हा माणसात आला. दोन दिवस त्यानं मारुतरावांच्या मळ्यात जीप फिरवली. तिसऱ्या दिवशी तो रस्त्यावर निघाला. गिअर असे अलगद पडायला लागले की जयसिंगनं कौतुकानं मान हलवली. आठवड्यानं मारुतराव स्वतः शेजारी बसले, मागं गवारीच्या पाट्या भरल्या, आणि म्हणाले, "चल, दौंडपतुर बघू."

निमोणं मागं पडलं. त्याच्या पलीकडं एक ओढा आहे, आणि ओढ्यात उतरणारा रस्ता चांगला तिरपा आहे. शेखलाल निम्म्या उतारावर होता, मारुतरावांशी बोलत होता, आणि झाडीतून एकाएकी मेंढरांचा कळप रस्त्यावर आला.

पुढं जे झालं ते चार श्वासांचं. शेखलालचा डावा हात छातीशी आला. अंग मागं रेललं. उजवा पाय पुढच्या पत्र्यावर ताठ रोवला गेला, आणि तोंडातून लांब हेल निघाला, "हो ऽ ऽ". वीस वर्षं त्यानं घोडं असंच थांबवलं होतं. डाव्या हातात लगाम, तो मागं खेचायचा, पाय पुढच्या फळीला लावायचा. घोडं थांबायचं. पण या वेळी डाव्या हातात लगाम नव्हता, क्लचचा दांडा होता. तो मागं आला तसा क्लच दाबला गेला, इंजिनानं गाडीला धरून ठेवलं होतं ते सुटलं, आणि जीप उतारावरून मोकाट धावली. ब्रेक उजव्या पायाजवळ वीतभर अंतरावर होता. पण पाय पत्र्याला रोवलेला.

मेंढरं कशी बाजूला झाली ती मेंढरांनाच ठाऊक. जीप ओढ्याच्या वाळूत शिरली आणि तिरपी होऊन थांबली. गवार पाण्यात गेली. मारुतरावांचं कपाळ काचेच्या चौकटीवर आपटलं आणि भुवईवरून रक्ताचा ओघळ आला.

मारुतरावांनी धोतराच्या सोग्यानं रक्त टिपलं. मग म्हणाले, "काय झालं?"

खरं उत्तर शेखलालच्या ओठांवर होतं. पण ते सांगितलं असतं तर गाडी तिथंच, त्या वाळूतच, जयसिंगची झाली असती. जो माणूस घाबरला की टांगा हाकतो त्याला जीप कोण देईल?

"पीन निसटली, आप्पा," तो म्हणाला. "सळईची पीन."

एवढं बोलला आणि त्याला ओढ्यात जीव द्यावासा वाटला. पण ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं.

दुसऱ्या दिवशी निरोप मिळताच बद्रुद्दीन सुट्टी टाकून आला. मारुतरावांच्या वाड्यापुढं जीप उभी होती, आणि भोवती आठ-दहा माणसं. बद्रुद्दीन खाली सरपटत गेला. शेखलाल काठीवर रेलून उभा होता आणि त्याच्या पाठीवरून घाम खाली चालला होता. तो जोडाकडं बघत नव्हता. बद्रुद्दीन बराच वेळ आत होता. बाहेर आला तो हात पुसत.

"काय रं, फिटर?" मारुतराव म्हणाले. कपाळावर पट्टी होती, त्यामुळं त्यांचा आवाज आणखी चढलेला वाटला. "मानसं मारतो का काय? इंजनाच्या पिनी बी अशाच बशिवतो?"

बद्रुद्दीननं एकदा शेखलालकडं बघितलं. "नवी बशिवतो, आप्पा," तो म्हणाला.

शेखलालला वाटलं, पीन खरंच सैल असेल. काय सांगावं, असेलही. आपला हात मागं आला तेव्हाच ती निसटली असेल. दोन दिवस तो स्वतःला हे समजावत होता, आणि दोन दिवस त्याला अन्न गेलं नाही.

गाव बोलायला लागलं. मारुतराव चार गावांत सांगत सुटले, की बिचाऱ्या शेखलालनं गाडी वाळूत घातली म्हणून आपण वाचलो, नाहीतर त्या हलगर्जी फिटरनं मारलंच होतं. आणि नवल असं, की त्यामुळं मारुतरावांचा शेखलालवरचा भरवसा वाढलाच. "नीट पीन घालून घे, साहेबाकडं जाऊ," ते म्हणाले. शेखलालला जे हवं होतं ते सगळं त्या एका खोट्यानं त्याच्या पदरात टाकलं होतं.

रजियाचं मात्र डोकं फिरलं. आईमाघारी तिनं बद्रूला कडेवर वाढवलेला. आणि त्याच बद्रूनं तिच्या कुंकवावर... ती कुंकू लावत नव्हती, पण शेजारच्या धुरपदाबाईनं तसंच म्हटलं आणि ते रजियाच्या काळजात बसलं. आठवड्यानं बकरी ईद आली. ईदच्या दुसऱ्या दिवशी बद्रुद्दीन नेहमीसारखा बहिणीचा वाटा घेऊन आला. कुर्बानीचं मटण, हळद-मीठ लावून शिजवलेलं, डब्यात घट्ट बांधलेलं. दर वर्षी रजिया वेशीपर्यंत वाट बघायची. या वर्षी तिनं दारातूनच हात आडवा केला.

"न्हाई पायजे मला. परत ने."

"आपा, ईदचा वाटा हाय."

"ज्याच्या हातनं माजं घर बसत व्हतं त्याच्या हातचा वाटा मला हराम हाय. तुझं तोंड नको मला."

शेखलाल आतल्या खोलीत होता. त्याला सगळं ऐकू आलं. नातेवाइकाचा वाटा परत धाडणं म्हणजे नातं परत धाडणं, हे तिघांनाही माहीत होतं. उठून दारात जायचं, दोन वाक्यं बोलायची, की झालं. त्यानं काठी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. तेवढ्यात बाहेर पावलं दूर गेली. पिनीबद्दल बद्रुद्दीन एक अक्षर बोलला नव्हता.

त्या रात्रीपासून शेखलालच्या नसलेल्या पावलाला मुंग्या यायला लागल्या. खाजवायचं तर काय खाजवायचं? आणि दुसरी भीती त्याहून मोठी होती. नव्या पिनीनं काय होणार होतं? दांडा तोच, हात तोच. पुन्हा एखादं म्हसरू आडवं आलं की तो पुन्हा लगाम खेचणार, आणि तेव्हा खाली वाळू असेलच असं नाही. जेवताना त्याची परीक्षाही होऊन गेली. रजियाच्या हातून पातेलं पडलं, आणि त्याचा डावा हात मूठ वळून छातीशी आला.

चौथ्या दिवशी तो जयसिंगच्या शेजारी बसून दौंडला गेला. वाटभर गिअर करकरले आणि शेखलाल एक शब्द बोलला नाही, तेव्हा जयसिंगनं काळजीनं विचारलं, "मामा, बरं न्हाई का?" जयसिंग स्टेशनावर पाट्या उतरवायला लागला तसा शेखलाल शेडच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. भोंगा झाला. काळवंडलेल्या माणसांच्या घोळक्यातून बद्रुद्दीन बाहेर आला आणि त्याला बघून थबकला.

"बद्रू, पीन निसटली न्हवती," शेखलाल म्हणाला. वाटेत घोकलेलं सगळं तो विसरला होता. "मी खोटं बोललो. माझा हात... मी लगाम वडला."

बद्रुद्दीननं त्याला चहाच्या टपरीमागच्या बाकावर बसवलं. "मला म्हाईत हाय, दाजी," तो म्हणाला. "रंग फुटला न्हवता."

"म्हंजी त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. पीन हाय तशी व्हती."

"मग बोलला का न्हाईस? एवढ्या मानसांत त्यांनी तुला..."

"बोललो असतो तर तुमची गाडी गेली असती." बद्रुद्दीननं चहा फुंकला. "पन पीन जाग्यावर आन् गाडी वाळूत, ह्याचा मेळ मला लागत न्हवता. आता लागला."

शेखलालचे डोळे भरून आले. पाय गेला तेव्हा तो दवाखान्यात रडला नव्हता. इथं टपरीमागं, कोळशाच्या धुरात, तो पागोट्याच्या पदरात तोंड खुपसून रडला. बद्रुद्दीन दुसरीकडं बघत राहिला. मग त्यानं गळ्यातला गमजा काढून शेखलालच्या डाव्या हातात दिला, "ह्यो धरा" म्हणाला, शेडमधल्या कुठल्याशा मुकादमाची गोष्ट सांगायला लागला, आणि सांगता सांगता एकाएकी बाकाला लाथ घातली. गमजा शेखलालच्या छातीशी आला, अंग मागं रेललं, आणि टपरीवाल्यानं वळून बघितलं.

बद्रुद्दीन पहिल्यांदाच हसला. "वीस वर्सांचा हात हाय, दाजी. त्यो दोन म्हैन्यांत शिकायचा न्हाई. हात ऱ्हाऊ दे. दांडा उलटा करू."

"म्हंजी?"

"क्लच दाबायचा तर दांडा पुढं ढकलायचा. मागं वडलात, तर क्लच दाबला जानार न्हाई. आन् अजून मागं वडलात तर हातब्रेकची तार खेचली जाईल. तुमास्नी लगाम वडायचाय न्हवं? वडा. गाडी थांबंल."

पुढचे दोन रविवार बद्रुद्दीन मारुतरावांच्या वाड्यापुढं लिंबाखाली काम करत होता. बहिणीचं घर तिथून शंभर पावलांवर. दुपारी तो झाडाखालीच डबा सोडून खायचा. मारुतराव एकदा म्हणाले, "ह्या टायमाला पीन नीट बशीव," आणि तो "व्हय आप्पा" म्हणाला. शेखलाल शेजारी बसून हत्यारं द्यायचा. "परीक्षा हून जाऊ दे, मग मी समद्यांना सांगतो," तो दर तासाला एकदा म्हणायचा. बद्रुद्दीन म्हणायचा, "पाना द्या."

महिनाअखेरीला साहेब दौंडला आला. उंच, चष्मा लावलेला, हातात वही. त्यानं आधी शेखलालला चालायला लावलं, मग लाकडी पाय ठोकून बघितला, मग दांडा दोनदा मागं-पुढं केला आणि शेजारी बसला. मारुतराव मागं बसले. बद्रुद्दीन शेडमधून तासाभराची रजा काढून आला होता, तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

शेखलालनं दांडा पुढं रेटला, गिअर टाकला, दांडा हळूच सोडला. जीप कुरबुर न करता निघाली. बाजारपेठ झाली, फाटक झालं, चढावर थांबून पुन्हा निघणं झालं. परत येताना, गाडी चांगल्या वेगात असताना, साहेबानं एकाएकी हातातली वही समोरच्या पत्र्यावर आपटली आणि ओरडला, "थांबा!"

डावा हात छातीशी आला. पण पंधरा दिवस मळ्यात घोटून घेतल्यावर या वेळी उजवा पायही ब्रेकवर गेला. जीप जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. साहेबाचा चष्मा मांडीवर पडला. मारुतराव मागून पुढं आले ते दोघांच्या मधोमध.

साहेबानं चष्मा पुसून घातला. "ठीक," तो म्हणाला. मग खाली उतरून पुन्हा दांड्यापाशी वाकला. "एक सांगा. ओढणं सोपं, ढकलणं अवघड. मी बनवला असता तर मागं ओढायचा बनवला असता. हा उलटा का केला? पहिल्यापासून असाच आहे?"

"पहिल्यापासून असाच" एवढं म्हटलं की सही होती. शेखलालला ते शब्द जिभेवर जाणवलेसुद्धा. बद्रुद्दीन दहा पावलांवर होता आणि जमिनीकडं बघत होता. तो या वेळीही काही बोलणार नव्हता. वाटा परत घेऊन गेलेला माणूस काय बोलणार? शेखलालला एकदम स्वतःचीच शिसारी आली.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "पयला सरळ व्हता. त्यानं अपघात झाला. पीन निसटली म्हनून मी ह्या आमच्या आप्पांना सांगितलं. ते खोटं. पीन पक्की व्हती. मी टांगेवाला हाय, घाबारलो आन् लगाम खेचावा तसा दांडा खेचला. चूक माजी व्हती, आन् नाव ह्या मानसाचं खराब झालं. त्यानं माझा हात बगून ह्यो दांडा केला."

मारुतराव कपाळावरचा वण चोळत होते. साहेबानं बद्रुद्दीनकडं बघितलं, मग वही उघडून तो बराच वेळ लिहीत राहिला.

"तुमच्या हाताला हा दांडा लागतो, आणि ते तुम्हाला माहीत आहे," साहेब शेवटी म्हणाला. "परवाना देतो. फक्त या गाडीपुरता, आणि हा दांडा असेल तोवर. दुसऱ्या गाडीला हात लावायचा नाही." त्यानं बद्रुद्दीनचं नाव विचारून तेही लिहून घेतलं, आणि सही केली.

परतीच्या वाटेवर मारुतराव शेजारी बसले, पण तोंड रस्त्याकडं. निमोणं आलं आणि गेलं. न्हावऱ्याची झाडं दिसायला लागल्यावर ते म्हणाले, "तुझ्या मेव्हन्याला मी चार गावांत हलगर्जी म्हनलो."

"व्हय आप्पा."

"आता चार गावांत जाऊन माजं मलाच गिळावं लागनार."

"व्हय आप्पा."

"पाय गेला त्याचं मला वाईट वाटलं व्हतं, शेखलाल. ह्याचा मातर राग आला. लवकर जायाचा न्हाई." वाड्यापाशी ते उतरले, दोन पावलं गेले आणि न वळता म्हणाले, "गाडी आज तुझ्या दारात असू दे. उद्या चारला ये. भेंडी हाय."

रजिया दारातच होती. जीप शेखलालच्या हातात बघून तिच्या तोंडावर जे हसू आलं ते त्यानं नऊ महिन्यांत बघितलं नव्हतं. "दिली सही?" ती म्हणाली. "या, या, आधी पानी घ्या. अल्लानं ऐकलं माजं."

"दिली," शेखलाल म्हणाला. तो गाडीतून उतरलाच नाही. उतरला असता तर पुन्हा उद्यावर गेलं असतं. "रजिया, पानी ऱ्हाऊ दे. आधी ऐक." आणि त्यानं सांगितलं. ओढा, लगाम, पांढरी रेघ, टपरीमागचा बाक. बद्रू वाटा घेऊन आला तेव्हा आपण आतल्या खोलीत काठी हातात घेऊन बसलो होतो, हेही सांगितलं. ते सांगायची खरं तर गरज नव्हती.

रजियाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिचं हसू हळूहळू गेलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली. चूल विझवल्याचा आवाज आला. बाहेर आली ती डोक्यावरून चादर घेऊन. तिनं दाराला कडी घातली, आणि शेखलालच्या शेजारची जागा सोडून मागं, भाजीच्या पाट्या ठेवतात तिथं, पत्र्यावर जाऊन बसली.

"कुठं?" शेखलालनं विचारलं.

"दौंडला."

"अगं, जाऊस्तोवर दिवस मावळंल. आप्पांची गाडी हाय, सकाळी चारला..."

"आप्पांना जाता जाता सांगा." तिचा आवाज एकदम कोरडा होता. "तुमच्यासंगं मला बोलायचं न्हाई. गाडी हाका."

नऊ महिने तो याच दोन शब्दांसाठी तडफडला होता. शेखलालनं दांडा पुढं रेटला आणि जीप वळवली. वेस ओलांडेपर्यंत मागून तिचं हुंदके देऊन रडणं त्याला ऐकू येत होतं, आणि मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही.